माय मॅप्समध्ये गडांच्या पिना भलतीकडेच पडतात : कारणं शोधायची कशी आणि दुरुस्ती कशी करायची

नकाशावर स्वतःच्या खुणा टाकायला गूगलचं माय मॅप्स फुकट आहे आणि सोपंही. तरी एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. शीटमध्ये सगळं नीट भरलेलं असतं, फाइल चढवली की पिना मात्र भलत्याच ठिकाणी दिसतात. कधी एखादीच पिन चुकते, कधी सगळ्याच. प्रत्येक चुकीची तऱ्हा वेगळी असते आणि तिच्यावरूनच कारण ओळखता येतं. म्हणून लेअर, म्हणजे नकाशावरचा तो खुणांचा थर, पुसून पुन्हा चढवण्याची घाई करू नका. पिना नेमक्या कुठे पडल्या आहेत ते आधी बघा.

उदाहरणासाठी बारा ओळींची यादी घेऊ. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले मराठ्यांचे बारा किल्ले : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. यादी छोटी असली तरी नकाशाचा गोंधळ उडवणारं जवळजवळ सगळं तिच्यात आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात आकडे देवनागरीत आहेत, पण तुमच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश इंग्रजी आकड्यांतच लिहा. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला १८.२३ हा एक्सेलला बहुधा आकडा वाटतच नाही, तो मजकूर म्हणून पडून राहतो. ओळखायची खूण अशी : आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटला तर तो आकडा, डाव्या कडेला चिकटला तर मजकूर. अर्थात हे तुम्ही स्वतः अलाइनमेंट बदललेली नसेल तरच.

एक-दोन पिना दुसऱ्या राज्यात

रायगड छत्तीसगडमध्ये, प्रतापगड उत्तर प्रदेशात किंवा राजस्थानात, राजगड मध्य प्रदेशात, लोहगड भरतपूरला. यातली एखादी तऱ्हा दिसली तर तुम्ही आकडे दिलेलेच नाहीत. नाव किंवा पत्ता दिला आहे आणि जागा शोधायचं काम नकाशावर सोपवलं आहे. छत्तीसगडमध्ये रायगढ आहे, उत्तर प्रदेश आणि राजस्थान दोन्हीकडे प्रतापगढ नावाचा जिल्हा आहे, मध्य प्रदेशात राजगढ जिल्हा आहे, भरतपूरला लोहागढ हा किल्लाच आहे. नकाशाने त्यातला एक निवडला, एवढंच.

पिन आपल्याच राज्यात पडली तरी फसगत होते. ‘रायगड’ आणि ‘सिंधुदुर्ग’ ही जिल्ह्यांचीही नावं आहेत. नुसतं ‘सिंधुदुर्ग’ लिहिलं तर पिन मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्यावर न जाता जिल्ह्याच्या मध्यावर कुठेतरी पडू शकते. नकाशा लांबून बघताना हे लक्षातही येत नाही. गावांच्या बाबतीत तर विचारूच नका. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि वाशिममध्येही, कर्जत रायगडात आणि अहिल्यानगरमध्येही, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्येही, आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यातही, खेड पुण्यात आणि रत्नागिरीतही. हे तर नुसते तालुके झाले. वडगाव आणि पिंपळगाव मोजायला बसू नये.

पत्त्यावरच काम भागवायचं असेल तर ‘रायगड किल्ला, महाड, महाराष्ट्र, भारत’ असा तालुक्यासह पूर्ण पत्ता एकाच कॉलममध्ये लिहा आणि फाइल चढवल्यावर प्रत्येक पिन झूम करून तपासा. दुकानं, शाळा, दवाखाने अशा रस्त्यावरच्या जागांना हे चालून जातं. गड, लेणी, बारव, देवराया, घाटवाटा यांना पत्ताच नसतो. तिथे आकडेच द्या. बारा ठिकाणांचे आकडे काढायला पंधरा मिनिटं लागतात, चुकीच्या पिना शोधायला संध्याकाळ जाते.

फाइल चढवल्यावर काही ओळी नकाशावर दाखवता आल्या नाहीत असा संदेश आला तर तो बंद करून पुढे जाऊ नका. लेअरच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘ओपन डेटा टेबल’ उघडा. ज्या ओळी अडल्या त्या तिथे वेगळ्या रंगात दिसतात.

आकडे काढताना होणारी चूक

संगणकावर गूगल मॅप्स उघडा, सॅटेलाइट दृश्य लावा, गडाच्या नेमक्या जागेवर राइट-क्लिक करा. येणाऱ्या यादीत सगळ्यात वरची ओळ म्हणजे अक्षांश आणि रेखांश. तिच्यावर क्लिक केलं की दोन्ही आकडे कॉपी होतात. रायगडासाठी साधारण १८.२३३६, ७३.४४०६ असं काहीतरी येईल.

बरेच जण याऐवजी ॲड्रेस बारमधल्या लिंकमधून ‘ॲट’ चिन्हापुढचे आकडे उचलतात. ते आकडे त्या ठिकाणाचे नसतात, तुमच्या पडद्यावर दिसणाऱ्या नकाशाच्या मध्याचे असतात. नकाशा जरा सरकवला की ते बदलतात. त्याच लिंकमध्ये पुढे ‘थ्री-डी’ आणि ‘फोर-डी’ या अक्षरांनंतर जे दोन आकडे येतात ते खऱ्या ठिकाणाचे : थ्री-डीनंतर अक्षांश, फोर-डीनंतर रेखांश. पिना थोड्या थोड्या चुकल्या आहेत आणि प्रत्येकीची दिशा वेगळी आहे असं दिसलं तर आकडे लिंकमधून घेतलेत का, हे आधी विचारा.

कॉपी केलेले दोन्ही आकडे एकाच सेलमध्ये बसतात. त्यांचे दोन कॉलम करा. गूगल शीट्समध्ये तो कॉलम निवडून ‘डेटा’ मेनूतलं ‘स्प्लिट टेक्स्ट टू कॉलम्स’ दाबलं की काम झालं. मात्र शेजारचा कॉलम आधी रिकामा करून ठेवा, नाहीतर तिथला मजकूर जाईल.

सगळ्या पिना उत्तर ध्रुवाकडे

ही चूक सगळ्यात मजेशीर आणि दुरुस्तीला सगळ्यात सोपी. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली की रायगड ७३.४४ उत्तर, १८.२३ पूर्व इथे जातो, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकापलीकडच्या थंडगार समुद्रात. सह्याद्रीतले बाकीचे गडही त्याच भागात जमतात. जिंजी ७९.४ वर असल्यामुळे आणखी वर, स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गेन बेटावर पोचतो.

डोक्यात ठेवायचा नियम एकच. महाराष्ट्रात अक्षांश १५ ते २२ च्या आसपास आणि रेखांश ७२ ते ८१ च्या दरम्यान. लहान आकडा अक्षांश, मोठा आकडा रेखांश. शीटमध्ये दोन्ही कॉलमचा कमाल आणि किमान आकडा काढून बघितलात तर अदलाबदल एका नजरेत कळते.

ही चूक माणसाकडूनच होते असंही नाही. गूगल मॅप्समध्ये अक्षांश आधी असतो. नकाशावरच्या खुणा साठवणाऱ्या केएमएल आणि जिओजेसन या फाइलींमध्ये मात्र रेखांश आधी असतो. एका प्रकारच्या फाइलमधले आकडे दुसरीकडे चिकटवले की उलटापालट ठरलेली. माय मॅप्समध्ये फाइल चढवल्यावर ‘कोणत्या कॉलमवरून जागा ठरवायची’ हे विचारणारी चौकट येते. तिथे दोन्ही कॉलम टिक करताना कुठला अक्षांश आणि कुठला रेखांश हे बघून ठरवा. कॉलमची नावं स्पष्ट असतील तर तिथेही चूक होत नाही.

एखादीच पिन आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात दिसली तर त्या ओळीत दोन्ही ठिकाणी शून्य आहे. शून्य अक्षांश, शून्य रेखांश गिनीच्या आखातात येतं.

आणि नकाशा उघडल्यावर महाराष्ट्राऐवजी अख्खं जग दिसत असेल तर अशीच एखादी हरवलेली पिन कुठेतरी बसलेली असते. सगळ्या पिना मावाव्यात म्हणून नकाशा लांब जातो. ती शोधून दुरुस्त करा. मग नकाशा हवा तसा जवळ आणून नकाशाच्या नावाशेजारच्या तीन टिंबांतून ‘सेट डीफॉल्ट व्ह्यू’ दाबा.

दहा-वीस किलोमीटरची चूक : हीच सगळ्यात घातक

नॉर्वेला गेलेला रायगड कोणालाही दिसतो. पाचाडऐवजी गोरेगाव-माणगावच्या बाजूला पडलेला रायगड मात्र लक्षात येत नाही, कारण पिन रायगड जिल्ह्यातच असते.

हे होतं अंश-मिनिट-सेकंदांमुळे. पुस्तकात किंवा जीपीएसवर रायगडाचा अक्षांश १८ अंश १४ मिनिटं १ सेकंद असा दिलेला असतो. लिहिणारा तो १८.१४०१ असा टाकून मोकळा होतो. खरं गणित असं : मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. १८ अधिक १४ भागिले ६० अधिक १ भागिले ३६००, म्हणजे १८.२३३६. रेखांश ७३ अंश २६ मिनिटं २६ सेकंद, म्हणजे ७३.४४०६. तो ७३.२६२६ असा लिहिला गेला तर पिन एकूण वीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला सरकते.

संशय आला तर एक भरवशाची चाचणी आहे. कॉलममधल्या प्रत्येक आकड्याचे दशांशानंतरचे पहिले दोन अंक बघा. मिनिटं ५९ च्या पुढे जात नाहीत. त्यामुळे बारा ओळींत, दोन्ही कॉलममध्ये, एकदाही ६० ते ९९ मधली जोडी दिसली नाही तर ते दशांश अंश नाहीत, मिनिटं आहेत, असं खुशाल समजा. खऱ्या दशांश आकड्यांत शिवनेरीच्या रेखांशात ८५ येतं, लोहगडाच्या अक्षांशात ७१ येतं, असं सगळं मिसळलेलं असतं.

काही ट्रेकिंग ॲप १८ अंश १४.०१६ मिनिटं अशा तिसऱ्याच पद्धतीने दाखवतात. तिथे फक्त मिनिटांना ६० ने भागायचं. सगळ्यात बरं म्हणजे ॲपच्या सेटिंगमध्ये ‘डेसिमल डिग्रीज’ निवडून टाकावं.

याच कुळातली दुसरी चूक म्हणजे दशांश कापले जाणं. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. दोन दशांश ठेवले तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकते, चार ठेवले तर दहा-अकरा मीटर, पाच ठेवले तर मीटरभर. पाच पुरेत. पुढचे अंक नुसता दिखावा, फोनच्या जीपीएसची अचूकता तितकी नसतेच. एक्सेलची गोम इथे आहे : सेल फॉरमॅटमध्ये दोन दशांश दिसत असतील तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करताना दिसतो तेवढाच आकडा फाइलमध्ये जातो. शीटमध्ये १८.२३३६ शाबूत असतं आणि सीएसव्हीत १८.२३ उतरतं. म्हणून सेव्ह करण्याआधी दोन्ही कॉलमचं फॉरमॅट ‘जनरल’ करा.

पिना जागच्या जागी, नावं मात्र चुकीची

पन्हाळ्यावर क्लिक केलं की साल्हेरची माहिती उघडते. कोणीतरी शीटमध्ये एकच कॉलम निवडून सॉर्ट केला आहे. नावं अकारविल्हे लागली, आकडे होते तिथेच राहिले. यावर जुनी प्रत परत आणण्याशिवाय उपाय नाही. गूगल शीट्समध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’तून ती मिळते. एक्सेलची फाइल असेल आणि प्रत नसेल तर आकडे नव्याने काढा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

एक्सेलमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना सीएसव्हीचे एकाहून जास्त प्रकार दिसतात. साधा ‘कॉमा डीलिमिटेड’ घेतला की देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत फिरत नाहीत, मूळ अक्षर फाइलमधून गेलेलं असतं. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार घ्या. प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या घातलेली परकी अक्षरं दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने उघडला गेला आहे. ती फाइल सेव्ह न करता बंद करा आणि एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून, ‘फ्रॉम टेक्स्ट’ मार्गाने, यूटीएफ-८ निवडून उघडा.

आमचं स्पष्ट मत : मराठी मजकूर असेल तर सीएसव्हीच्या वाटेला जाऊच नका. माय मॅप्स एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची नेहमीची फाइल, आणि गूगल शीट थेट घेतं. डेटा पहिल्या शीटवर ठेवा, पहिल्या ओळीत कॉलमची नावं द्या, मर्ज केलेले सेल आणि वरची शोभेची शीर्षकाची ओळ काढून टाका.

नोटपॅडमध्ये हाताने सीएसव्ही लिहिणाऱ्यांसाठी एक ओळ बघू. कॉलम चार आहेत : नाव, पायथा, अक्षांश, रेखांश. ओळ अशी लिहिली :

रायगड,पाचाड, महाड,१८.२३३६,७३.४४०६

पाचाड आणि महाड यांच्यामधला स्वल्पविराम नकाशाला नव्या कॉलमची सुरुवात वाटतो. त्यामुळे अक्षांशाच्या जागी ‘महाड’ येतं, रेखांशाच्या जागी १८.२३३६, आणि ७३.४४०६ बाहेर लोंबकळतो. स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घाला.

जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये राहून मंडळासाठी नकाशा करणाऱ्यांचा घोळ याच्या उलट असतो. तिथल्या सेटिंगमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो. जर्मन एक्सेल १८.२३४ ला अठरा हजार दोनशे चौतीस समजू शकतं आणि १८.१२ ची तर १८ डिसेंबर ही तारीख करून ठेवतं. गूगल शीट्समध्ये ‘फाइल’, मग ‘सेटिंग्ज’, तिथे लोकेल (देशाची सेटिंग) बदलून भारत करा आणि आकडे त्यानंतर चिकटवा. आधीच बिघडलेले आकडे लोकेल बदलून सुधारत नाहीत.

ज्या चुका नाहीतच

खांदेरीची पिन निळ्या पाण्यात दिसली म्हणून हलवू नका. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्गच आहेत आणि लांबून बघताना छोटं बेट नकाशावर उमटत नाही. सॅटेलाइट लावून जवळ जा, तटबंदी दिसेल.

पिन बरोबर आहे, तरी गाडी भलत्या बाजूला नेली, ही तक्रार वेगळी. नेव्हिगेशन पिनेच्या सर्वात जवळच्या रस्त्याकडे नेतं आणि तो रस्ता डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला असू शकतो. राजगडाला गुंजवण्यातून चढायचं की पाली दरवाज्याने, हे बालेकिल्ल्यावरच्या पिनेला काय ठाऊक! म्हणून गडाची एक आणि पायथ्याची एक अशा दोन पिना ठेवा, वेगवेगळ्या लेअरवर. जलदुर्गांसाठी दुसरी पिन बोटीच्या धक्क्यावर : सिंधुदुर्गाला मालवण, सुवर्णदुर्गाला हर्णै, खांदेरीला थळ.

दुरुस्त करून पुन्हा चढवताना

मूळ शीट सुधारली की नकाशा आपोआप सुधारतो, हा गैरसमज सोडा. चढवताना शीटची नक्कल घेतली जाते, दोघांचा संबंध तिथेच संपतो. लेअरच्या तीन टिंबांत ‘रीइम्पोर्ट अँड मर्ज’ आहे. त्याआधी नकाशाची केएमझेड (केएमएलचीच झिप केलेली फाइल) प्रत उतरवून ठेवा, कारण पिनांना हाताने जोडलेले फोटो आणि रंग या फेरफारात जाऊ शकतात. दोन-तीनच पिना चुकल्या असतील तर पुन्हा चढवण्यापेक्षा पिन पकडून योग्य जागी ओढलेली बरी. हाच गुण उलटतोही : एडिटचा अधिकार असलेला कोणीतरी नकाशा सरकवायला जातो आणि पिन ओढून बसतो. लगेच लक्षात आलं तर वरचा ‘अनडू’ बाण आहे. बघायचंच काम असलेल्यांना एडिटचा अधिकार देऊ नका.

मोठ्या याद्यांना मर्यादा लक्षात ठेवा. एका नकाशात १० लेअर, एका लेअरमध्ये २,००० खुणा, एकूण १०,००० खुणा. त्यापलीकडची यादी दोन नकाशांत तोडा किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं यूमॅप वापरा.

फोटोंवरून पिना टाकणार असाल तर ते व्हॉट्सॲपवरून मागवू नका. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप त्यातली जागेची माहिती काढून टाकतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

फोनवर आणि गडावर

माय मॅप्सचं अँड्रॉइड ॲप २०२१ मध्ये बंद झालं. तयार नकाशा गूगल मॅप्स ॲपमध्ये साठवलेल्या ठिकाणांच्या यादीखाली ‘मॅप्स’मध्ये दिसतो, पण बदल करायचे तर ब्राउझर लागतो. दुसऱ्याला नकाशा उघडत नसेल तर ‘शेअर’मध्ये जाऊन लिंक असणाऱ्या प्रत्येकाला बघण्याची परवानगी दिली आहे का ते तपासा. शाळेच्या किंवा ऑफिसच्या खात्यातून केलेला नकाशा बाहेरच्यांना दाखवायला बंदी असू शकते, म्हणून असा नकाशा घरच्या खात्यावर करा.

गडावर रेंज नसते आणि गूगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात तुमच्या पिना येत नाहीत. निघण्याआधी नकाशाच्या तीन टिंबांतून ‘एक्स्पोर्ट टू केएमएल’ करा आणि ती फाइल ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ऑफलाइन ॲपमध्ये उघडा. एक्स्पोर्टच्या चौकटीत ‘नेटवर्क लिंक’ने माहिती ताजी ठेवण्याचा पर्याय दिसतो, त्यावर टिक असू देऊ नका. ती राहिली तर फाइलमध्ये पिना नसून फक्त एक वेब पत्ता असतो आणि तो उघडायला पुन्हा रेंजच लागते. फाइल घरीच, फोन एअरप्लेन मोडवर टाकून, एकदा उघडून बघा.